ग्राफिक्स कार्ड : एक की दोन?

खेळांसाठी संगणकाची ताकद वाढवायची तर एकच मोठे ग्राफिक्स कार्ड घ्यावे की मध्यम ताकदीची दोन जोडावीत, हा १९९८ ते २०२० या काळात खराखुरा प्रश्न होता. आज त्याचे उत्तर एका शब्दात देता येते : एक. मात्र ते नेहमीच असे नव्हते. मधली काही वर्षे दोन कार्डे घेणारा ग्राहक पैशाच्या हिशेबात चक्क शहाणा ठरत होता. एका दृश्याचे काम दोन कार्डांत वाटून देण्याची जबाबदारी आधी कार्डाच्या रचनेने उचलली, मग ती ड्रायव्हर लिहिणाऱ्या कंपन्यांकडे आली आणि शेवटी खेळ बनवणाऱ्यांच्या गळ्यात पडली. त्यांनी ती झटकली. जोडकार्डांचा उदयास्त समजून घ्यायचा तर हे हस्तांतर पाहावे लागते.

ओळींची वाटणी

थ्रीडीएफएक्स या अमेरिकन कंपनीने १९९८ मध्ये वूडू टू हे कार्ड बाजारात आणले. ते फक्त त्रिमितीय चित्रे काढत असे. विंडोजचा नेहमीचा पडदा दाखवायला दुसरे साधे कार्ड लागायचेच. दोन वूडू टू कार्डे कॅबिनेटच्या आत एका चपट्या रिबन केबलने जोडली की पडद्यावरच्या सम ओळी एक कार्ड काढी आणि विषम ओळी दुसरे. या पद्धतीला स्कॅन लाइन इंटरलीव्ह, थोडक्यात एसएलआय, म्हणत. एकटे कार्ड ८०० × ६०० ठिपक्यांपर्यंत चित्र देई, जोडी १०२४ × ७६८ पर्यंत जाई. पडद्यावरच्या चित्रासाठीची मेमरी दोघांत वाटली जात होती, पण भिंती, जमीन, चेहरे यांवर चढवायची टेक्श्चर्स मात्र दोन्ही कार्डांना आपापल्या मेमरीत पूर्ण ठेवावी लागत. मेमरी दुप्पट मोजून पैसे द्यायचे आणि वापरायला एकपट मिळवायची, ही जोडकार्डांची जुनी खोड इथूनच सुरू होते.

ही वाटणी सुरळीत चाले, कारण त्या काळी प्रत्येक ओळीचे काम जवळपास स्वतंत्र होते. शेजारच्या ओळीत काय आहे किंवा मागच्या चित्रात काय होते, याच्याशी कार्डाला कर्तव्य नव्हते. खेळ बनवणाऱ्याला तर आपला खेळ दोन कार्डांवर चालतो आहे याची दखलही घ्यावी लागत नसे.

पुढची काही वर्षे दोन कार्डांचा विषय थंडावला. त्याचे कारण अगदी भौतिक होते. ग्राफिक्स कार्डांसाठी एजीपी हा वेगवान स्लॉट आला आणि तो मदरबोर्डवर एकच असे. जागाच एक, तर दुसरे कार्ड बसवणार कुठे? कंपन्यांनी एकाच कार्डावर दोन चिप बसवून पाहिल्या. एटीआयचे रेज फ्युरी मॅक्स आणि थ्रीडीएफएक्सचे वूडू फाइव्ह ५५०० ही त्यातली दोन नावे. पहिल्याची दुसरी चिप विंडोज २००० वर चाललीच नाही. चार चिपचे वूडू फाइव्ह ६००० तर विक्रीलाही आले नाही. डिसेंबर २००० मध्ये थ्रीडीएफएक्सने आपली तांत्रिक मालमत्ता एनव्हीडियाला विकण्याचा करार केला आणि एसएलआय ही अक्षरेही त्या व्यवहारात एनव्हीडियाकडे गेली.

चित्राआड चित्र

पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट आल्यावर एकाच मदरबोर्डवर दोन मोठी कार्डे बसवणे शक्य झाले. एनव्हीडियाने २००४ मध्ये जीफोर्स ६८०० मालिकेबरोबर एसएलआय परत आणले. अक्षरे तीच, विस्तार मात्र स्केलेबल लिंक इंटरफेस असा नवा. २००५ मध्ये एटीआयने क्रॉसफायर या नावाने उत्तर दिले. क्रॉसफायरच्या पहिल्या पिढीत एक खास मास्टर कार्ड लागे आणि दोन कार्डे कॅबिनेटच्या बाहेरून जाड केबलने जोडावी लागत. एनव्हीडियाच्या जोडीला आतल्या आत एक छोटी पट्टी पुरत असे; तिला ब्रिज म्हणत. सुरुवातीच्या काही एसएलआय मदरबोर्डांवर दोन स्लॉटच्या मध्ये एक लहानशी पट्टी उलटी करून बसवावी लागे, तेव्हा कुठे १६ लेनची, म्हणजे डेटा वाहून नेणाऱ्या मार्गिकांची, विभागणी ८ आणि ८ अशी होई.

कामाची वाटणीही बदलली होती. पहिला मार्ग पडद्याचे आडवे दोन भाग करून वरचा एका कार्डाला आणि खालचा दुसऱ्याला देण्याचा. वरच्या भागात नुसते आकाश आणि खालच्या भागात गर्दी, झाडे, गाड्या असतील तर एक कार्ड बसून राहते आणि दुसरे घाम गाळते, म्हणून विभागणीची रेषा क्षणोक्षणी सरकवावी लागते. शिवाय दृश्यातली भौमितिक आकडेमोड दोघांनाही करावी लागते ती वेगळीच. दुसरा मार्ग सोपा होता. पहिले पूर्ण चित्र, म्हणजे फ्रेम, एका कार्डाने काढायची, दुसरी दुसऱ्याने, तिसरी पुन्हा पहिल्याने. कागदावर यात वेग जवळजवळ दुप्पट होतो. हाच मार्ग, आल्टरनेट फ्रेम रेंडरिंग किंवा एएफआर, पुढे सगळीकडे रूढ झाला.

एएफआरचे ओझे ड्रायव्हरवर होते. प्रत्येक खेळासाठी कंपनीचे प्रोग्रामर स्वतंत्र प्रोफाइल लिहीत : या खेळात कोणता डेटा एका कार्डावरून दुसऱ्यावर न्यायचा, कोणता टाळायचा, कुठे थांबायचे. गाजणाऱ्या खेळाचे प्रोफाइल प्रकाशनाच्या दिवशी तयार असे, मध्यम खेळाचे काही आठवड्यांनी येई, आणि छोट्या खेळाचे कधीच येत नसे. प्रोफाइल नसेल तर दुसरे कार्ड नुसते वीज खात बसे. सावल्या लुकलुकणे, पाणी चमकणे, धुके नाहीसे होणे या तक्रारी जोडकार्डवाल्यांच्या पाचवीलाच पुजलेल्या होत्या.

तरीही हिशेब जुळत होता. २०१० हे वर्ष पाहावे. एनव्हीडियाचे सर्वांत वरचे जीटीएक्स ४८० मार्चमध्ये ४९९ डॉलरना आले. ते तापायचे, पंख्याचा आवाज करायचे आणि २५० वॅट मागायचे. जुलैमध्ये जीटीएक्स ४६० आले. १ जीबी मेमरीच्या आवृत्तीची किंमत २२९ डॉलर. अशी दोन घेतली की ४५८ डॉलर होत, आणि बहुतेक चाचण्यांमध्ये ही जोडी ४८० ला मागे टाकी. वीज मात्र दोघांची मिळून ३२० वॅट आणि मेमरी ४८० च्या दीड जीबीसमोर १ जीबीच, कारण एएफआरमध्ये दोन्ही कार्डे सगळा डेटा आपापल्या मेमरीत ठेवतात. त्या काळच्या खेळांना १ जीबी पुरत असल्याने ती उणीव फारशी बोचली नाही. जोडकार्डांच्या बाजूने याहून सबळ उदाहरण सापडणे अवघड आहे.

जोडी एकाच कार्डावर बसवून विकण्याचा प्रघातही याच काळातला. जीटीएक्स २९५, रेडिऑन एचडी ५९७०, जीटीएक्स ६९०, आणि २०१४ मधले पाण्याने थंड होणारे, ५०० वॅटचे रेडिऑन आर९ २९५एक्स२, अशी ही परंपरा. शेवटच्याच्या खोक्यावर ८ जीबी छापलेले असे. प्रत्येक चिपच्या वाट्याला ४ जीबी येत असल्याने खेळाला उपयोगी पडे ती ४ जीबीच. हे खोटे म्हणता येत नाही, पण सरळही म्हणता येत नाही.

सरासरी फसवते

ग्राफिक्स कार्डाचे मोजमाप बरीच वर्षे एकाच आकड्यावर चाले : सेकंदाला सरासरी किती फ्रेम, म्हणजे एफपीएस. जोडकार्डवाले मात्र वेगळेच सांगत होते. आकडा ६० चा, पण डोळ्यांना खेळ ६० चा वाटत नाही. याला मायक्रोस्टटर म्हणू लागले.

समजा, एका कार्डाला एक फ्रेम काढायला ३३ मिलिसेकंद लागतात. दोन कार्डे अर्ध्या अंतराने सुरू झाली तर दर साडेसोळा मिलिसेकंदांनी नवी फ्रेम पडद्यावर येते आणि हालचाल गुळगुळीत दिसते. पण दोन्ही कार्डे जवळपास एकाच वेळी सुरू झाली तर एक फ्रेम येते, ३ मिलिसेकंदांत दुसरी तिच्या पाठोपाठ येते, आणि मग ३० मिलिसेकंद काहीच नाही. एका सेकंदात फ्रेम तेवढ्याच भरतात, म्हणून आकडा ६० च राहतो. डोळ्यांना मात्र दोन चिकटलेल्या फ्रेम एकच वाटतात, म्हणजे पदरात ३० पडतात.

टेक रिपोर्ट या नियतकालिकाच्या स्कॉट वॉसन यांनी सप्टेंबर २०११ मध्ये सेकंदाची सरासरी सोडून प्रत्येक फ्रेमचा वेळ मोजण्याची पद्धत मांडली आणि हा प्रकार आलेखावर उघडा पडला. २०१३ मध्ये एनव्हीडियाने एफकॅट नावाचे साधन समीक्षकांच्या हाती दिले. त्यात प्रत्येक फ्रेमच्या डाव्या कडेला ठरावीक क्रमाने बदलणारी रंगीत पट्टी असते. मॉनिटरकडे जाणारे चित्र दुसऱ्या संगणकावर जसेच्या तसे टिपले जाते आणि कोणता रंग पडद्याची किती उंची व्यापतो हे मोजले जाते. क्रॉसफायरच्या जोड्यांत काही रंग जेमतेम काही ओळींपुरतेच दिसले. अशा फ्रेम पाहणाऱ्याच्या काही कामाच्या नसतात, पण मोजणीत मात्र भर घालतात. एएमडीने (एटीआय तोवर एएमडीत विलीन झाली होती) ऑगस्ट २०१३ मध्ये फ्रेमचे अंतर सारखे राखणारा ड्रायव्हर दिला आणि त्याने बराच फरक पडला. साधन प्रतिस्पर्ध्याने दिले होते आणि त्यामागे त्याचा स्वार्थ होता हे उघड आहे. मोजमाप मात्र खरे होते.

अंतर सुधारले तरी एक गोष्ट सुधारत नाही. एएफआरमध्ये प्रत्येक फ्रेम तयार व्हायला एका कार्डाचाच पूर्ण वेळ लागतो. माउस हलवल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा काळ दुसऱ्या कार्डाने कमी होत नाही. नेमबाजीच्या खेळात हाताला जाणवतो तो हाच काळ. फिरॅक्सिस या खेळ बनवणाऱ्या कंपनीने २०१४ मध्ये ‘सिव्हिलायझेशन : बियॉन्ड अर्थ’साठी एएमडीच्या मँटल प्रणालीवर पडद्याचे भाग पाडण्याची जुनी रीत मुद्दाम निवडली, ती यासाठीच. सरासरी आकडा एएफआरपेक्षा कमी आला तरी चालेल, प्रतिसाद लवकर यावा, असा तो निर्णय होता. जोडकार्डांच्या इतिहासात असा विचार करणारे थोडेच.

मागच्या फ्रेमची उधारी

खरा घाव खेळांच्या चित्रण पद्धतीनेच घातला. २०१० नंतरच्या दशकात कडा गुळगुळीत करण्यासाठी मागच्या फ्रेममधली माहिती चालू फ्रेममध्ये मिसळण्याची रीत पसरली. तिला टीएए म्हणतात. प्रतिबिंबे, सावल्या, धुके यांसाठीही मागच्या फ्रेममधले तयार साहित्य पुन्हा वापरले जाऊ लागले. एका कार्डाला हे साहित्य स्वतःच्या मेमरीत आयते मिळते. एएफआरमध्ये मात्र मागची फ्रेम शेजारच्या कार्डावर असते. ती पुरी होईपर्यंत थांबायचे, मग ती आणायची, मग आपले काम सुरू करायचे. दोन कार्डे आळीपाळीने एकमेकांची वाट पाहू लागली तर दुसऱ्याचा लाभ उरतोच किती?

आणायचे म्हटले तरी रस्ता अरुंद. फोर-के पडद्याच्या एका तयार फ्रेममध्ये ३८४० × २१६० ठिपके असतात. प्रत्येकाला ४ बाइट धरले तर सुमारे ३३ एमबी होतात. सेकंदाला ६० फ्रेम दाखवायच्या आणि त्यातल्या ३० दुसऱ्या कार्डाकडून यायच्या, तर केवळ तयार चित्रे वाहून नेण्यातच सेकंदाला १ जीबी खर्ची पडतो. जुन्या एसएलआय ब्रिजची एकूण क्षमता साधारण तेवढीच होती. २०१६ मधल्या नव्या ब्रिजची सुमारे दुप्पट. खोली, वेग, प्रकाश यांचे मधले बफर तयार चित्राच्या कितीतरी पट असतात, त्यांचे काय? जीटीएक्स १०८० ची स्वतःच्या मेमरीशी देवाणघेवाण सेकंदाला ३२० जीबीने चालते. घरात हमरस्ता आणि शेजाऱ्याकडे जायला पाऊलवाट, अशी ही अवस्था होती. एएमडीने २०१३ मध्ये आर९ २९० मालिकेत ब्रिज काढून टाकून सगळी वाहतूक पीसीआय एक्स्प्रेसवरून नेली. हा मार्ग अधिक रुंद होता, पण मूळ अडचण त्यानेही सुटली नाही.

खेळ आणि कार्ड यांच्यातला दुवा असलेल्या डायरेक्टएक्स १२ (२०१५) आणि पुढे व्हल्कन या प्रणालींनी वेगळा तोडगा काढला. ड्रायव्हरने अंदाजाने वाटणी करण्याऐवजी खेळानेच दोन्ही कार्डे ओळखावीत आणि कोणते काम कोणाला द्यायचे ते ठरवावे. यात शक्यता मोठ्या होत्या. ऑक्साइडच्या ‘अ‍ॅशेस ऑफ द सिंग्युलॅरिटी’ या खेळाने २०१६ मध्ये रेडिऑन आणि जीफोर्स अशी परस्परविरोधी कंपन्यांची कार्डे एकत्र जुंपून दाखवली. ‘शॅडो ऑफ द टूम रेडर’, ‘स्ट्रेंज ब्रिगेड’, ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ अशा काही खेळांनीही मेहनत घेतली. यादी मात्र फार लांबली नाही. दोन कार्डे असलेले ग्राहक मूठभर, कन्सोलवर तर हा प्रश्नच नाही, आणि प्रत्येक चाचणी दुप्पट करायची. खेळ बनवणाऱ्या कंपनीने हा खर्च का उचलावा? अनरिअल इंजिनावर बनलेल्या असंख्य खेळांत तर एएफआरचे गणित बसत नव्हतेच. व्हीआरमध्ये प्रत्येक डोळ्याला एक कार्ड देण्याची कल्पना तर्काने बिनतोड होती. तिचाही वापर थोडाच झाला.

कंपन्यांची माघार टप्प्याटप्प्याने झाली. २०१६ मध्ये २४९ डॉलरच्या जीटीएक्स १०६० वरून एनव्हीडियाने एसएलआयची जोडणीच काढली, म्हणजे स्वस्त दोन घेऊन महाग एकाला हरवण्याची वाट बंद केली. त्याच वर्षी एएमडीने दोन आरएक्स ४८० मिळून जीटीएक्स १०८० ला ‘अ‍ॅशेस’मध्ये मागे टाकतात असे व्यासपीठावर दाखवले, दोन कार्डांच्या बाजूने मोठ्या कंपनीने केलेली ती शेवटची जोरदार जाहिरात म्हणावी लागेल. उदाहरण म्हणून नेमका तोच खेळ का निवडला, हे चाणाक्ष वाचकाला सांगायला नको. २०१८ मध्ये आरटीएक्स २०८० आणि २०८० टाय यांना एनव्हीलिंक ही नवी जोडणी मिळाली. २०८० टायच्या दोन कार्डांत सेकंदाला १०० जीबीपर्यंत वाहतूक होऊ शकत होती. पाऊलवाट रुंद झाली, पण तोवर तिच्यावरून जाणारे उरले नव्हते. २०१९ च्या आरएक्स ५७०० मालिकेत एएमडीने क्रॉसफायर सोडले. २०२० च्या मालिकेत एनव्हीलिंक फक्त आरटीएक्स ३०९० वर राहिले, आणि १ जानेवारी २०२१ पासून आरटीएक्स २० व त्याआधीच्या कार्डांसाठी नवी एसएलआय प्रोफाइले न लिहिण्याचे एनव्हीडियाने जाहीर केले. २०२२ च्या आरटीएक्स ४०९० वर जोडणीच नाही.

जोडकार्डांनी रिकामी केलेली जागा एका वेगळ्याच तंत्राने भरली. आरटीएक्स ४० मालिकेबरोबर आलेले फ्रेम जनरेशन दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक तयार केलेली फ्रेम घालते. फ्रेमचा आकडा वाढतो, माउसचा प्रतिसाद मात्र सुधारत नाही. एएफआरवरचा जुना आक्षेप इथेही जसाच्या तसा लागू पडतो, फक्त या वेळी दुसऱ्या कार्डाचे पैसे वाचतात.

दोन चिप जोडण्याची कल्पना चिपच्या पातळीवर जिवंत आहे. अ‍ॅपलच्या एम१ अल्ट्रामध्ये (२०२२) दोन चिप सेकंदाला अडीच टीबीच्या वेगाने जोडलेल्या आहेत आणि सॉफ्टवेअरला ते एकच ग्राफिक्स युनिट दिसते. म्हणजे वाटणीची जबाबदारी पुन्हा रचनेकडे गेली, वूडू टूच्या वेळी होती तशी. खेळांच्या कार्डांत मात्र २०२५ पर्यंत एनव्हीडिया आणि एएमडी दोघांचीही चित्रणाची आकडेमोड एकाच चिपवर होते. एएमडीच्या आरएक्स ७९०० मालिकेत तुकडे आहेत, पण वेगळे काढले आहेत ते मेमरी आणि कॅशचे भाग.

आज खरेदी करताना

‘आता एक घेऊ, पैसे जमले की तसलेच दुसरे’ हा बेत एके काळी फार लोकप्रिय होता. तो फसे कसा, हे जीटीएक्स ९७० वरून दिसते. सप्टेंबर २०१४ मध्ये ते ३२९ डॉलरना आले. दोन वर्षे थांबून ग्राहक दुसरे घ्यायला निघाला, तेव्हा समोर ३७९ डॉलरचे जीटीएक्स १०७० उभे होते. मेमरी ८ जीबी, वीज १५० वॅट, ताकद आधीच्या पिढीतल्या ६४९ डॉलरच्या ९८० टायच्या तोडीची. दोन ९७० ना मिळून २९० वॅट लागतात आणि मेमरी ४ जीबीच राहते. त्यातही शेवटचा अर्धा जीबी संथ. जुने कार्ड विकून त्यात भर घालून नवे घेणेच अशा वेळी श्रेयस्कर ठरे, आणि आज तर दुसरा पर्यायच नाही.

जुन्या बाजारात मात्र प्रश्न अजून डोके वर काढतो. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग बंद पडल्यावर वापरलेली कार्डे ढिगाने विक्रीस आली. स्वस्तात दोन जीटीएक्स १०८० मिळत असतील तर घ्यावीत का? दोन कार्डे मिळून वेग वाढेलही, पण दोघांपैकी एकाकडेही नसलेली क्षमता त्यातून निर्माण होत नाही. ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ (२०२४) आणि ‘डूम : द डार्क एजेस’ (२०२५) हे खेळ हार्डवेअर रे ट्रेसिंगशिवाय चालत नाहीत. १०८० मध्ये ते नाही. दोन लावा, चार लावा. मेमरीही ८ जीबीच्या पुढे सरकत नाही. मायनर लोक एका फळीवर सहा-आठ कार्डे लावत, हा दाखला इथे गैरलागू आहे, कारण तिथे प्रत्येक कार्डाचे काम दुसऱ्यापासून पूर्ण स्वतंत्र असते.

एकच घ्यायचे ठरल्यावरही चुकीचे घेतले जाऊ शकते. आधी जुन्या कार्डावर नेहमीचा खेळ चालू ठेवून एमएसआय आफ्टरबर्नरसारख्या साधनात कार्डाचा वापर पाहावा. तो ९५ टक्क्यांच्या वर टिकून असेल तर अडथळा कार्डाचाच आहे. तो ६०–७० टक्क्यांत घोटाळत असेल आणि एफपीएसवर खेळात मर्यादा लावलेली नसेल, तर बहुधा प्रोसेसर मागे पडतो आहे आणि नव्या कार्डावर खर्च केलेले पैसे वाया जातील. मॉनिटर १०८० पी आणि ६० हर्ट्झचा असेल तर महागड्या कार्डाची बरीच ताकद दिसणारच नाही. मेमरीच्या बाबतीत हात आखडता घेऊ नये; नव्या खेळांत ८ जीबीची कार्डे टेक्श्चर कमी करायला लावतात.

विजेचा हिशेब भारतात जास्त काळजीने करावा लागतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा गावातल्या दुकानात असेंबल करून घेतलेल्या अनेक संगणकांत एसएमपीएसवर काटकसर केलेली असते. २५० वॅटच्या आरटीएक्स ५०७० ला एनव्हीडिया किमान ६५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटच्या आसपास देतो. खेळ ऐन रंगात असताना कार्ड २५० वॅट, प्रोसेसर शंभराच्या पुढे आणि वर मॉनिटर. अशात वीज गेली की यूपीएस जास्त भाराने शिट्टी मारून तत्क्षणी सगळे बंद करतो. विदर्भातल्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात कार्डाचा पंखा खोलीतलीच तापलेली हवा ओढतो, हेही धरून चालावे. ३००–३५० वॅटचे कार्ड घेणाऱ्याने कॅबिनेटच्या पुढच्या जाळीकडे आणि पंख्यांकडे किमतीइतकेच लक्ष द्यायला हवे.

दुसरा स्लॉट अगदीच निरुपयोगी आहे असे मात्र नाही. ब्लेंडरमधले सायकल्स किंवा ऑक्टेन यांसारखी रेंडरिंगची साधने एका फ्रेमचे काम कित्येक कार्डांत चोख वाटतात. तिथे सेकंदाच्या साठाव्या भागाची घाई नसते. घरच्या संगणकावर भाषा मॉडेल चालवणारे तर मुद्दाम २४ जीबीची दोन वापरलेली आरटीएक्स ३०९० शोधत असतात, कारण मॉडेलचे थर दोन कार्डांत विभागता येतात आणि मेमरी खरोखर ४८ जीबीची होते.

खेळांत दोन किरकोळ उपयोग शिल्लक आहेत. लॉसलेस स्केलिंग नावाच्या स्वस्त सॉफ्टवेअरमध्ये मुख्य कार्ड खेळ काढते आणि दुसरे साधे कार्ड मधल्या फ्रेम तयार करते. मॉनिटरची केबल तेव्हा दुसऱ्या कार्डाला जोडायची असते, आणि दुसऱ्या स्लॉटला पुरेशा लेन नसतील तर फायद्याऐवजी तोटाच होतो. दुसरा उपयोग जुन्या खेळांचा. २०२५ ची आरटीएक्स ५० मालिका आली तेव्हा तिच्यात ३२ बिट फिजएक्सचा आधार नव्हता, त्यामुळे ‘मिरर्स एज’ किंवा ‘बॉर्डरलँड्स २’मधला धूर, कापड, काचांचे तुकडे यांची आकडेमोड प्रोसेसरवर येऊन पडली आणि खेळ रखडू लागले. काही हौशी लोकांनी यावर अडगळीतले जुने जीफोर्स कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये लावले आणि एनव्हीडियाच्या कंट्रोल पॅनेलमधून फिजएक्सचे काम त्याच्याकडे सोपवले. त्यासाठी ब्रिज लागत नाही, प्रोफाइल लागत नाही. एसएमपीएसला कार्डाची आणखी एक केबल मोकळी असली म्हणजे झाले.